दिसतो तो डोंगर गाठण्याची ओढ

संगणकावर, टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर आणि आता मोबाइलवरही खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमांमध्ये ‘ओपन वर्ल्ड फँटसी रोल-प्लेइंग गेम’ हा प्रकार गेली तीस वर्षे आपला मोठा खेळाडूवर्ग राखून आहे. नाव लांबलचक असले तरी त्यातले तीन घटक सुटे केले की अर्थ उलगडतो. ओपन वर्ल्ड म्हणजे असा खेळ, ज्यात डोंगर, नद्या, गावे आणि भुयारे यांसह एक सबंध मुलूख खेळाडूपुढे मोकळा सोडलेला असतो आणि त्यात कुठे, केव्हा व कोणत्या क्रमाने जायचे हे खेळाडूच ठरवतो. फँटसी म्हणजे अद्भुतरम्य कल्पित जग, ज्यात मंत्र, शाप, राक्षस आणि देवता रोजच्या व्यवहाराचा भाग असतात. रोल-प्लेइंग म्हणजे भूमिका घेऊन खेळणे. खेळाडू एका पात्राचे रूप, स्वभाव व विद्या निवडतो आणि त्या पात्राने केलेल्या प्रत्येक कृतीनुसार ते पात्र घडत जाते. असा एक खेळ पुरता खेळायचा तर शंभर तासही सहज लागतात आणि ते तास देणारे कोट्यवधी लोक जगभर आहेत.

हे आकर्षण बहुधा लढाया, चित्रांचा झगमगाट किंवा खोट्या सामर्थ्याची नशा यांत शोधले जाते. ही कारणे अगदीच चुकीची नाहीत, परंतु लढाई, चित्रे आणि सामर्थ्य इतर अनेक गेमांतही असते. या प्रकाराचे वेगळेपण चालण्यात आहे. दूरवर दिसणारा डोंगर हे नुसते पडद्यावरचे चित्र नसून तिथपर्यंत पायी जाता येते, वाटेत काहीतरी भेटते, आणि पोचल्यावर तिथल्या मातीत, गुहेत किंवा देवळात त्या जागेची म्हणून एक गोष्ट असते, हा विश्वास खेळाडूला तासन्‌तास खिळवून ठेवतो. मराठी वाचकाला ही ओढ परकी वाटण्याचे कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याच्या, डोंगररांगांत आणि त्या डोंगरांशी बांधल्या गेलेल्या नाथकथांत ती दोनशे वर्षांहून अधिक काळ नांदते आहे.

या खेळांची वंशावळ थोडक्यात सांगता येते. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण कथेचा सूत्रधार होतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेतात आणि धाडसाचा निकाल फाशांवर लागतो. संगणक आल्यावर हाच हिशेब यंत्राकडे गेला. रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा’ १९८१ मध्ये आला. जपानमध्ये १९८६ साली शिगेरू मियामोतो यांनी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ घडवला आणि त्याची प्रेरणा सांगताना क्योटोजवळच्या सोनोबे या आपल्या गावाभोवती लहानपणी रानात हिंडताना सापडलेल्या गुहेचा उल्लेख त्यांनी वारंवार केला. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीच्या ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेने १९९४ पासून मोकळ्या मुलखाची कल्पना पुढे नेली. ‘डॅगरफॉल’, ‘मॉरोविंड’, ‘ऑब्लिव्हियन’ या पायऱ्या चढत ती २०११ साली ‘स्कायरिम’पर्यंत आली, आणि या एका गेमच्या २०२३ पर्यंत सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यानंतर पोलंडचा ‘विचर ३’ २०१५ मध्ये, जपानचा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ २०१७ मध्ये आणि ‘एल्डन रिंग’ २०२२ मध्ये आला. चीनचा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ २०२० मध्ये मोबाइलवर फुकट उपलब्ध झाला आणि महागडा संगणक नसलेल्या घरांतही हा प्रकार पोचला.

या इतिहासात अंतराचा प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘डॅगरफॉल’चा मुलूख ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे त्याच्या निर्मात्यांनी सांगितले होते, त्यात पंधरा हजारांवर ठिकाणे होती, पण ती बहुतांश संगणकाने ठरावीक नियम लावून आपोआप रचलेली असल्याने दहा गावे पाहून झाल्यावर अकरावे पाहण्याची उत्सुकता उरत नसे. ‘स्कायरिम’चा मुलूख याच्या उलट सुमारे ३७ चौरस किलोमीटरचा, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारात मावेल एवढा आहे, तरी तो अवाढव्य वाटतो, कारण त्यातील प्रत्येक टेकडी, पडका बुरूज आणि नदीकाठची झोपडी माणसाने विचार करून ठेवलेली आहे. विस्तार हा मुळात अनुभवाचा प्रश्न असून तो आकड्यांनी सुटत नाही, हे निर्मात्यांना या दोन खेळांमधल्या पंधरा वर्षांत कळले.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या चमूने तर या अनुभवाचे शास्त्रच मांडले. त्यांनी भूभागाची रचना लहानमोठ्या त्रिकोणांनी केली. त्रिकोणी टेकडीचा चढ समोर आला की माणसापुढे वर चढावे की वळसा घालावा असा निवडीचा प्रश्न उभा राहतो, शिवाय टेकडीमागे काय आहे हे झाकले जाते. वळसा घालताना ते हळूहळू उघडे पडते आणि एक जागा गाठेपर्यंत दुसरी नजरेत भरते. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी खेळातील अंतरे ठरवण्यासाठी आपल्या ओळखीच्या क्योटो शहराचा नकाशा त्या कल्पित राज्यावर ठेवून पाहिला, कारण क्योटोत कुठून कुठे जायला किती वेळ लागतो हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. कल्पित जग विश्वासार्ह होण्यासाठी निर्मात्याच्या अंगात एखादा खरा मुलूख मुरलेला असावा लागतो, ही गोष्ट यातून दिसते आणि या लेखाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे.

अशा मुलखाचा विचार करताना अहिल्यानगर जिल्ह्याकडे नीट पाहावे. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा असून त्याच्या पश्चिम आणि पूर्व टोकांत जणू दोन वेगळ्या देशांचे अंतर आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात राज्यातील सर्वोच्च असे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, पावसाने झोडपलेले घाटघर आणि रतनवाडी, प्रवरेच्या उगमाजवळचे अमृतेश्वराचे कोरीव देऊळ, रतनगडाच्या माथ्यावरचे आरपार नेढे आणि साम्रदजवळची सांधण दरी आहे, जिच्या तळाशी ऊन क्वचितच पोचते. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभे असलेले भव्य शिवलिंग असून भोवतालच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, आणि तोही ढासळेल तेव्हा युगाचा अंत होईल असे लोक मानतात. त्याच गडावरच्या कोकणकड्यावरून १८३५ मध्ये कर्नल साईक्स यांनी ढगांत उमटलेले पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. मात्र सह्याद्रीची कड ओलांडून पूर्वेकडे निघाले की पाऊस झपाट्याने कमी होतो, कारण ढगांतले पाणी घाटमाथ्यावरच उतरते आणि पलीकडचा मुलूख डोंगराच्या पर्जन्यछायेत राहतो. पारनेरमध्ये निघोजजवळ कुकडी नदीने काळ्या खडकात कोरलेले रांजणखळगे, कर्जतजवळ रेहेकुरीच्या माळावर चरणारे काळवीट आणि नगर-पाथर्डीकडची गर्भगिरीची उघडी रांग हे सारे त्या कोरड्या बाजूचे आहे.

काल्पनिक मुलूख रचणारे निर्माते हिमशिखर, दलदल, घनदाट रान आणि वाळवंट एका नकाशात शेजारी शेजारी बसवतात तेव्हा त्यांच्यावर कृत्रिमपणाचा आक्षेप घेतला जातो. इथे निसर्गाने जवळजवळ तेच एका जिल्ह्यात केले आहे. काळाचे थरही तसेच दाट आहेत. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका झाडाच्या मुळाशी खणत असताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी काशाची चार जड शिल्पे निघाली. नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नगरजवळ निजामशाहीचा फराहबाग, भुईकोट किल्ला आणि डोंगरावरची सलाबतखानाची कबर आहे, जिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात. खोदताना हाती येणारा प्राचीन ठेवा आणि खऱ्या इतिहासावर चढलेले लोककथेचे नाव या दोन्ही गोष्टी फँटसी गेमांमध्ये मुद्दाम निर्माण कराव्या लागतात.

परंतु नुसता भूगोल पुरेसा नसतो. त्या भूगोलावर अद्भुताची कथा पसरलेली असावी लागते, आणि ती या प्रदेशाला ‘नवनाथ भक्तिसार’ या ग्रंथाने दिली आहे. धुंडिसुत मालू या कवीने शके १७४१, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये पूर्ण केलेला हा ४० अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ मच्छिंद्र, गोरक्ष, जालंदर, कानिफ, चरपटी, नागेश, भर्तरी, रेवण आणि गहिनी या नऊ नाथांच्या चरित्रकथा सांगतो. महाराष्ट्रात घरोघर, विशेषतः श्रावणात, त्याचे पारायण होते. त्यातल्या जागा कल्पनेतच राहिलेल्या नाहीत. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी असून होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे मोठी यात्रा भरते, जिचा गाढवांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. घाटशिरसजवळचा वृद्धेश्वर, ज्याला लोक म्हातारदेव म्हणतात, नाथांच्या भंडाऱ्याशी जोडलेला आहे. मच्छिंद्रनाथांची समाधी बीड जिल्ह्यातील सावरगावी, गर्भगिरीच्याच कुशीत आहे. कथा ऐकलेला माणूस चालत त्या जागी जाऊ शकतो आणि जातोही.

या ग्रंथाची रचना पाहिली तर ती अशा खेळाच्या किती जवळची आहे हे ध्यानात येते. खेळात ‘क्वेस्ट’ म्हणजे एखाद्या पात्राने सोपवलेली मोहीम असते. ती पुरी केली की नवी विद्या, वस्तू किंवा वाट मिळते. शाबरी विद्या, म्हणजे लोकभाषेतील मंत्रांची विद्या, मच्छिंद्रनाथांना कशी मिळते ते पाहावे. सप्तशृंगीची देवी प्रसन्न होते, परंतु विद्या लगेच हाती ठेवत नाही. ती त्यांना मार्तंड पर्वतावरील नागाश्वत्थ वृक्ष दाखवते, त्यावर वेगवेगळ्या देवतांची स्थाने आहेत असे सांगते आणि त्या वश होण्याचा मार्ग समजावते. त्यासाठी नदीच्या काठाने जाऊन पाण्याने भरलेली शंभर कुंडे शोधायची, प्रत्येकात शुक्लवेल टाकायची, मग मागे फिरून कोणत्या कुंडातल्या वेलीला पाने फुटली ते पाहायचे, त्याच कुंडात स्नान करून पाणी प्यायचे, येणारी मूर्च्छा नामस्मरणाने निभावून न्यायची आणि ते पाणी आणून वृक्षाला घालायचे. हे एकदाच नव्हे, तर महिनोन्‌महिने करायचे. खुणा शोधणे, चुकीच्या जागा वगळणे, धोका सोसणे आणि चिकाटीने पुन्हा पुन्हा तीच वाट चालणे, असा हा सारा क्रम आहे.

मंत्रविद्येची मांडणीही नियमबद्ध आहे. नाथ भस्माची चिमूट मंत्रून फेकतात तेव्हा पर्वतास्त्राला वज्रास्त्र आणि अग्न्यस्त्राला जलदास्त्र अशी प्रत्येक अस्त्राला तोड असते. हनुमंत, अष्टभैरव, कालिका आणि वेताळ यांच्याशी मच्छिंद्रनाथांचे जे संग्राम होतात ते कोणते अस्त्र केव्हा काढावे या जाणतेपणावर जिंकले जातात, आणि हरलेली देवता बहुधा शत्रू न राहता सहाय्य करण्याचे वचन देऊन निघून जाते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्कीन यांनी १९३९ मधील एका व्याख्यानात अद्भुतकथेविषयी मांडलेला विचार इथे लागू पडतो. लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो आणि त्या जगाचे नियम आतून सुसंगत असतील तोवर वाचकाचा विश्वास टिकतो, असे त्यांचे म्हणणे होते. नाथकथांमधील चमत्कार मनाला येईल तसे घडत नाहीत. त्यांना किंमत, मर्यादा आणि उतारा असतो, आणि म्हणूनच ऐकणारा पुढे काय होईल याचा अंदाज बांधू लागतो. अंदाज बांधणारा श्रोता खेळाडू होण्यापासून एकाच पावलावर असतो.

ते एक पाऊल म्हणजे निवडीचा हक्क. पोथी ऐकणारा मच्छिंद्रनाथांमागून जातो, गेममध्ये मात्र आधी सप्तशृंगीला जावे की थेट रामेश्वराची वाट धरावी हे खेळणारा ठरवतो. रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हिडिओ गेमांच्या ओढीचा संबंध माणसाच्या तीन मूलभूत गरजांशी जोडला होता: आपल्या मनाने वागता येणे, काहीतरी चांगले जमू लागणे आणि इतरांशी नाते असणे. त्यांतल्या पहिल्या दोन गरजा हा प्रकार ठासून भागवतो. ‘स्कायरिम’मध्ये तलवार चालवली की तलवारीचे कसब वाढते, दबकत चालले की दबकत चालण्याचे, बाहेरून कोणी गुण देत नाही, करत गेल्याने माणूस घडतो, आणि नोकरीत किंवा शाळेत सहसा न दिसणारा कष्ट व फळ यांचा असा थेट संबंध इथे प्रत्येक तासाला डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडमधील रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले होते, ते म्हणजे मिळवणारे, शोधणारे, मिसळणारे आणि झुंजणारे. ओपन वर्ल्ड फँटसी हा यांतल्या शोधणाऱ्यांचा खास मुलूख आहे.

शोध घेण्याच्या याच वृत्तीची निर्मात्यांनी पुढे काहीशी हेळसांड केली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये नकाशावर बाण नव्हता. गावातला माणूस सांगे की पूल ओलांडा, नदीच्या कडेने जा, दोन खडक दिसले की उजवीकडे वळा. आणि खेळाडू ते कागदावर टिपून घेई, चुके, आणि चुकताना भलतेच एखादे थडगे शोधून काढी. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही वाडीवर रस्ता विचारला तर आजही उत्तर याच पद्धतीने मिळते: म्हसोबाचा दगड, पाझर तलाव, जुनी चिंच, मग वर चढलेली पायवाट. नंतरच्या गेमांनी ही तसदी काढून टाकली आणि पडद्याच्या कडेला बाण ठेवला, जो थेट उद्दिष्टाकडे बोट दाखवतो. त्यामुळे खेळ सोपा झाला, पण नजर मुलखावरून उठून बाणावर गेली. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणि ‘एल्डन रिंग’ यांनी बाण पुन्हा जवळजवळ काढून टाकला आणि त्यांचे जे अपूर्व स्वागत झाले त्यात या निर्णयाचा वाटा मोठा होता.

स्वातंत्र्याची दुसरी बाजू परिणामांची आहे. मोकळ्या जगात वाईट वागण्याचीही मोकळीक असते, आणि ‘स्कायरिम’चा बहुतेक प्रत्येक खेळाडू कधी ना कधी परक्या घरात शिरून भांडीकुंडीसुद्धा पळवतो. पहारेकऱ्याने पाहिले तर दंड होतो. कोणी पाहिले नाही तर सहसा काहीच होत नाही. या तोकड्या न्यायव्यवस्थेच्या शेजारी नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर ठेवून पाहावे. तिथे घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा आहे, कारण चोरी करणाऱ्याला शनिदेव पाहून घेतो अशी श्रद्धा आहे. दार उघडे, पहारेकरी नाही आणि तरीही गाव भरवशावर चालते, अशी वस्ती एखाद्या गेममध्ये आली तर खेळाडूला आत शिरताना खरोखर विचार करावा लागेल. ‘विचर ३’ने परिणामांची बाजू इतरांपेक्षा समर्थपणे हाताळली आहे, त्यात एखाद्या खेड्यातला निर्णय बरोबर की चूक हे अनेक तासांनी कळते, आणि पुष्कळदा दोन्ही वाटांवर कोणाचे तरी नुकसान असते. आंद्रजेय सापकोव्हस्की यांच्या १९८६ पासूनच्या पोलिश कथांवर उभा असलेला हा खेळ स्लाव लोकांच्या भुताखेतांनी, पाणवठ्याच्या हडळींनी आणि युद्धाने पिचलेल्या खेड्यांनी भरलेला आहे, आणि त्याच्या या स्थानिकपणामुळेच तो साऱ्या जगाला भावला.

या ओढीचे धोके लपवण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२ च्या आरंभापासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ ही नोंद लागू आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा त्याला अग्रक्रम देणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे हे सर्वसाधारणपणे वर्षभर टिकले तरच तिचे निदान होते, त्यामुळे सुटीत दहा दिवस गेममध्ये बुडालेल्या मुलाला रुग्ण ठरवण्याची घाई करू नये. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारख्या फुकट गेमांचा धोका वेगळा आहे. त्यांत आवडते पात्र मिळण्यासाठी सोडतीसारखी व्यवस्था असते आणि ती पुन्हा पुन्हा पैसे खर्चायला लावते. पालकांनी वेळेइतकेच या व्यवस्थेकडेही लक्ष द्यावे.

आता जो प्रश्न उरतो तो मराठी मुलखाच्या हिताचा आहे. वर उल्लेखिलेल्या परदेशी गेमांपैकी कशातही मराठी भाषा निवडण्याची सोय नाही, आणि त्यांतले डोंगर स्कँडिनेव्हियाचे, पोलंडचे किंवा क्योटोच्या मापाचे आहेत. गेम घडवण्याचे कसब महाराष्ट्रात नाही असे मात्र नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम काढला, भारतीय पुराणकथा आणि पहाडी लघुचित्रांची शैली वापरलेल्या या गेमचे जगभर कौतुक झाले. तो ठरावीक वाटेने जाणारा, थोड्या तासांत संपणारा खेळ आहे, आणि लहान चमूने तसाच तो करणे शहाणपणाचे होते, कारण मोकळा मुलूख उभारायला शेकडो माणसांची अनेक वर्षे लागतात. चीनच्या ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ने २०२४ मध्ये ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या चिनी कादंबरीतील वानरवीराला जगभर नेले, स्वतःच्या कथाभांडाराकडे पुरेशा भांडवलानिशी वळले तर काय होते याचे ते ताजे उदाहरण आहे.

नाथकथांवर असा गेम करायचा तर एक अडचण आधीच सोडवावी लागेल. मच्छिंद्र आणि गोरक्ष हे लाखो लोकांचे उपास्य आहेत. त्यांना खेळाडूच्या हाती देऊन वाटेल ते करवणे कोणत्याही जबाबदार निर्मात्याला पटणार नाही, आणि पटू नये. यावरचा उपाय या खेळप्रकाराच्या परंपरेतच आहे. तिच्यात नायक बहुधा नाव-गाव नसलेला एक वाटसरू असतो. मढीच्या यात्रेला निघालेला एखादा पोरका पोर, गाढवांच्या बाजारातला व्यापारी किंवा अकोल्याच्या डोंगरातली एखादी आदिवासी मुलगी नायक झाली, तर नाथ दूरवर, क्वचित भेटणारे आणि पूज्य राहू शकतात, आणि चुकण्याचा हक्क त्या वाटसरूकडे राहतो. अर्थात अशा गेममध्ये देवळांच्या मापांपासून बोलीच्या उच्चारांपर्यंत सर्व काही खरे असावे लागेल. नगरी बोलीचा हेल, पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कोयता घेऊन कोणत्या दिशेने जातो, कोणत्या महिन्यात कोणती नदी कोरडी पडते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना लेखनाच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून बसवावे लागेल.

आणि मग सोन्याच्या विटेची कथा हाताळावी लागेल, जी या खेळप्रकाराच्या मुळालाच हात घालते. स्त्रीराज्यातून गोरक्षनाथ आपले गुरू मच्छिंद्रनाथ यांना सोडवून आणतात तेव्हा गुरूंच्या झोळीत एक सोन्याची वीट असते, आणि ते वाटभर पुढे चोरांचे भय आहे का असे विचारत राहतात. गोरक्षनाथ ओळखतात की भय झोळीतून येते आहे. ते वीट रानात फेकून देतात व जागी दगड ठेवतात, आणि पुढे गुरूंनी शोक केल्यावर सिद्धीच्या बळाने सबंध डोंगरच सोन्याचा करून दाखवतात. गर्भगिरीशी जोडलेली ही कथा तिथे आजही सांगितली जाते. आजवरचे बहुतेक सारे ओपन वर्ल्ड गेम झोळी भरण्यावर चालतात; मिळेल ते उचला, विका, त्याहून भारी शस्त्र घ्या, हेच त्यांचे इंधन आहे. या कथेवरचा गेम मात्र झोळी जड होईल तसा पावलागणिक धोका वाढवील, रात्रीच्या आवाजांत चोर ऐकवील, आणि मिळवलेली सर्वांत मौल्यवान वस्तू टाकल्याशिवाय शेवटचा घाट चढू देणार नाही. सगळे मिळवण्याची सवय लागलेल्या खेळाडूकडून हे आनंदाने कसे करून घ्यायचे हा रचनेचा अवघड प्रश्न आहे, आणि तो सोडवण्याची सामग्री मराठी लेखक, चित्रकार व प्रोग्रामर यांच्या हाताशी मढी ते हरिश्चंद्रगड अशी पसरलेली आहे.